लवकर झिजतील असे बूट

माझ्या थोरल्या जावेच्या घरात वस्तू वापरून खराब झाल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे वस्तू खराब व्हायच्या त्या न वापरून. टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर रबर. सोफ्यावर चादर, त्या चादरीवर आणखी एक चादर, आणि पाहुणे आले की नुसती वरची काढायची की खालचीही, यावर आतल्या खोलीत कुजबुज. लग्नात मिळालेला काचेच्या कपांचा एक सेट कपाटात होता. त्यातून चहा प्यायचा मान तेव्हा कुणालाही मिळाला नव्हता, मला तर नाहीच नाही.

मी एकदा विचारलंसुद्धा, "अहो ताई, कुणी राजा येणार आहे का?"

तर म्हणाल्या, "आणि आला म्हणजे?"

मी त्यांना ताई म्हणते. त्या खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वरच्या. माझे थोरले दीर, म्हणजे त्यांचे यजमान, लेक शाळेत असतानाच गेले. ही लेक एकुलती एक. रांगायला लागल्यापासून ती एका जागी म्हणून बसली नाही, तेव्हा सगळे तिला भिंगरीच म्हणायला लागलो. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, ते तिथेच राहू दे.

ताई लाँड्रीत कामाला आहेत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची लाँड्री नव्हे. हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे कपडे जिथे ट्रक भरभरून येतात, ती. पत्र्याची लांबलचक शेड, आत वाफच वाफ, आणि मधोमध तापलेले मोठे रोलर. अलीकडून दोघी बायका ओली चादर कोपऱ्यांना धरून रोलरच्या तोंडी देतात, पलीकडून ती कोरडी, कडक होऊन येते आणि तिथे उभ्या असलेल्या दोघी तिची घडी घालतात. ताई पलीकडे, घडीवर. दिवसभर उभं राहायचं. घरी आल्या की त्यांच्या पायांना चपलेच्या पट्ट्यांचे वळ असायचे.

त्यांच्या कंजूषपणाचं मूळ त्या शेडमध्येच असावं. मी कंजूषपणा म्हणते, त्या जपणूक म्हणतात. आज पांढरीशुभ्र होऊन गेलेली चादर दोन दिवसांत डाग घेऊन परत येते. पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा, आणि असं करता करता एक दिवस ती मधोमध विरते आणि तिची फडकी होतात. "वापरलं की मळतं, मळलं की धुवावं लागतं, धुतलं की विरतं," ताई सांगायच्या. "मी रोज बघते ना." मी मान डोलवायची आणि माझा रोजचा कानतुटका कप पुढे करायची.

भिंगरी मात्र आईच्या अगदी उलट. शाळेपासून धावायची. स्पर्धेत नंबरबिंबर कधी आला नाही, पण सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर नोकरी लागली आणि पहिला पगार हातात आला, तेव्हा तिनं जाहीर केलं, "आईला धावायचे बूट घ्यायचे."

"मला? या वयात?" ताई दचकल्याच.

"उभं राहून राहून पाय सुजतात तुझे. जरा हलव त्यांना. आणि मला सोबत हवी. रोज एकटीनं काय धावायचं?"

खरेदीला मीही गेले. ताईंना पैसे खर्च करताना पाहणं म्हणजे फुकटची करमणूक, ती मी कशाला सोडू? आधी आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात शिरलो. ताईंनी एक बूट उलटा करून किंमत पाहिली आणि झोपलेलं तान्हं मूल ठेवावं तसा अलगद परत फळीवर ठेवला. भिंगरी हसली. तिनं सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. "इथे फक्त बघायला आणलं होतं. घ्यायचं मागच्या गल्लीत."

मागच्या गल्लीत मागच्या हंगामाचा माल मिळायचा. कुणाचा खोका हरवलेला, कुणाची शिवण किंचित वाकडी, कुणाचा रंग उडालेला. एका दुकानाबाहेर टी-शर्टांचा ढीग होता. कुठल्यातरी स्पर्धेतून उरलेले, पाठीवर रंगाच्या कंपनीची जाहिरात. भिंगरीनं त्यातले दोन उपसून काढले. "सुती नको आई, घाम धरून ठेवतं. हे लगेच वाळतं."

ताईंनी कापड चिमटीत धरून चोळलं. "याला इस्त्री टेकवली तर वितळेल."

"याला इस्त्री करायचीच नसते."

हे ऐकल्यावर ताईंना ते कापड एकदम आवडलं. पँटींच्या बाबतीत मात्र त्यांनी दुकानदारिणीला घाम फोडला. बायकांच्या ढिगातली पँट महाग, पुरुषांच्या ढिगातली स्वस्त, कापड तेच. फरक एवढाच, की बायकांच्या पँटला बाजूनं गुलाबी पट्टी. "एवढ्याशा पट्टीचे एवढे पैसे?" असं म्हणून ताईंनी पुरुषांची पँट घेतली आणि लांबी घरी दुमडून शिवायचं ठरवलं. पैसे उरले म्हणून त्यांचा चेहरा खुलला, तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "कपड्यांत हवं तेवढं वाचव. बुटांत आणि मोज्यांत मी वाचवू देणार नाही."

बुटांच्या दुकानात गळ्यात दोरीनं शिंगी अडकवलेला एक टकला माणूस होता. टाच बुटात सरकवायची ती शिंगी. त्यानं भिंगरीचं सगळं ऐकून घेतलं, पैसे किती आहेत तेही ऐकून घेतलं, आणि माळ्यावरून एक निळा जोड काढला. चांगल्या कंपनीचा, जाड तळाचा. फक्त डावा बूट हंगामभर शोकेसमध्ये उन्हात राहिलेला, त्यामुळे उजवा गडद निळा आणि डावा फिका. एकाच जोडातले, पण सावत्र भाऊ शोभावेत.

भिंगरीनं गुडघ्यावर बसून आईच्या पायात बूट चढवले, नाड्या बांधल्या, अंगठ्यापुढे बोट दाबून पाहिलं. "इथे जागा हवी. धावताना पाय पुढे सरकतो. चालून बघ."

ताईंनी दुकानात चार पावलं टाकली आणि थांबल्या. परत चार पावलं टाकली. मग आमच्याकडे वळून लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "अगं, हे तर मला पुढे ढकलतात!"

तो चेहरा माझ्या चांगला लक्षात आहे. त्या बाईला इतकं खूश मी क्वचितच पाहिलंय. पण लगेच सावरल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "डाव्याचे कमी करा. तो अर्धा उन्हानं खाल्लाय." त्यानंही कमी केले.

घरी आल्यावर बूट पातळ कागदात, कागद खोक्यात, खोका पिशवीत, पिशवी कपाटात आणि वर दोन डांबरगोळ्या. ओळखलंच असेल तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी दाराशी उभी. "आई, चल."

"आज कालव्याकाठी चिखल असेल गं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी धूळ होती. मग लाँड्रीत जास्तीचं काम होतं. मग रस्त्याचं खोदकाम निघालं. "पुढच्या आठवड्यात नक्की," ताई म्हणायच्या. भिंगरी थोडा वेळ दारात घुटमळायची आणि निघून जायची. मी वरून ओरडायची, "अहो ताई, बूट पायात घालायला असतात, कपाटात नाही!" त्या खालून म्हणायच्या, "चांगले आहेत हो. चांगल्याला घालीन."

चांगल्याला म्हणजे कधी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग भिंगरीला दूरच्या शहरात बरी नोकरी मिळाली. दोनदा गाडी बदलून जावं लागतं इतकं दूर. निघायच्या आदल्या दिवशी तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवून एक बेत केला. मी तिथेच बसले होते. "रविवारी सकाळी, उजाडलं की मी तिकडे धावायला निघेन, तू इकडे निघायचं. एकाच वेळी. आल्यावर मी फोन करीन. म्हणजे आपण बरोबरच धावलो असं होईल. शप्पथ?"

"शप्पथ," ताई म्हणाल्या. आणि त्या क्षणी त्या अगदी मनापासून म्हणाल्या होत्या, याची मला खात्री आहे.

पुढचं मला फार नंतर कळलं. मी रविवारी उशिरा उठते आणि त्याची मला लाज वाटत नाही. खाली काय चालतं, काय नाही, मला कुठून कळणार?

पहिल्या रविवारी ताई खरंच लवकर उठल्या. पँट, टी-शर्ट, मोजे, बूट, सगळं चढवलं. दार उघडलं तर गल्लीतली पाण्याची पाइप फुटलेली, सगळीकडे राडा. त्यांनी एकदा राड्याकडे पाहिलं, एकदा बुटांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी जाऊ, काय बिघडतंय? तेवढ्यात फोन. तिकडून भिंगरी धापा टाकत बोलतेय, "आई, पुलाच्या चढावर मी थांबणारच होते. मग म्हटलं, आई तिकडे धावतेय. मग नाही थांबले! तू धावलीस?"

आता त्या बिचारीला नाही कसं म्हणायचं? "हो तर," ताई म्हणाल्या.

एकदा 'हो' म्हटलं, की पुढच्या वेळी 'नाही' म्हणणं अवघड होऊन बसतं. रविवार येत राहिले. ताई दर रविवारी उठायच्या, बूट काढायच्या, घालायच्या, नाड्या बांधायच्या आणि पलंगावर फोनची वाट पाहत बसायच्या. पाय जमिनीला लागू द्यायच्या नाहीत. "बूट पायात असले की खोटं जरा कमी वाटायचं," असं त्यांनीच मला पुढे सांगितलं. खोट्याला मीठमसालाही लागला. आज कुत्रं मागे लागलं. आज टाकीपर्यंत जाऊन आले. आणि एकदा तर म्हणाल्या, "उजवाही आता उन्हानं फिका पडला गं, दोन्ही सारखे दिसतात." भिंगरी तिकडे खो खो हसली होती म्हणे. पुढे कितीतरी दिवस ती फोनवर विचारायची, "काय म्हणतात आपले जुळे?"

मधे भिंगरी आली नाही असं नाही, पण यायची ती घाईगडबडीत, कुणाच्या लग्नाला नाहीतर आजारपणाला. सवडीनं आली ती तीन वर्षांनी. आल्याआल्याच तिनं फर्मान काढलं, "रविवारी आपण दोघी बरोबर. खरोखरच्या बरोबर." ताईंचा चेहरा पडला होता का? मला तरी तसं दिसलं नाही. उलट त्या खुशीत होत्या. त्यांना वाटलं असणार, की आता एकदा खरंच धावलं की मागचं सगळं खोटं त्यात बुडून जाईल.

रविवारी मलाही उठवलं. पाण्याची बाटली आणि घराची किल्ली सांभाळायला कुणीतरी हवं ना! मी कालव्याकाठच्या बाकावर जांभया देत बसले. दोघी शेजारी उभ्या राहिल्या, भिंगरीनं आईचा हात एकदा दाबला आणि दोघी निघाल्या. ताईंची दुमडून शिवलेली पुरुषी पँट, पाठीवर रंगाची जाहिरात, शेजारी लेक. छान दिसत होत्या हो दोघी. माझी झोपच उडाली.

फार लांब गेल्या नव्हत्या. फट, फट, फट असा आवाज आला. मला वाटलं, मागून कुणी सपाता आपटत येतंय. आवाज ताईंच्या पायातून येत होता. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटून जबड्यासारखा उघडत-मिटत होता. त्या थांबल्या तोवर उजव्याची टाचही गेली. शिळ्या पावासारखे तुकडे होऊन रस्त्यावर सांडली.

भिंगरीला आधी हसूच आवरेना. आईला धरून ती बाकापर्यंत घेऊन आली, माझ्याशेजारी बसवलं आणि म्हणाली, "थांब, नाडीनं बांधून बघते. निदान टाकीपर्यंत तरी जाऊ." तिनं आईच्या पायातला डावा बूट काढला, उलटा केला. मग उजवा काढला. तोही उलटा केला. सुटलेल्या तळावरची नक्षी अगदी कोरी होती, कडा दुकानातल्यासारख्या धारदार. मग तिनं दोन्ही बूट शेजारी शेजारी धरले. एक गडद, एक फिका.

तिचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही.

"आई, हे झिजलेच नाहीत."

ताईंनी पाय बाकाखाली ओढून घेतले.

"उजवा फिका पडला म्हणाली होतीस."

"जपून ठेवले होते गं," ताई म्हणाल्या. "तू पहिल्या पगारात घेतलेले. कसे मळवायचे?"

"पण धावलीस ना? एकदा तरी?"

ताई पाण्याकडे बघत राहिल्या. मला मधे पडावंसं वाटलं, काहीतरी विनोद करावासा वाटला. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असतो माझा, पण तेव्हा मी नुसती बाटलीचं झाकण फिरवत बसले.

भिंगरी हळूच म्हणाली, "म्हणजे मी तिकडे एकटीच धावत होते?"

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. बूट मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "गेले तेव्हा तिथे कुणीच ओळखीचं नव्हतं, आई. रविवार तर खायला उठायचा. पांघरुणातून बाहेर यावंसं वाटायचं नाही. पण मला वाटायचं, आता आई नाड्या बांधत असेल. आपण नाही उठलो तर ती एकटी पडेल. म्हणून उठायचे." एवढंच बोलली. मग स्वतःचे बूट काढले आणि आईच्या पायांशी ठेवले. दोघींचं माप एकच आहे. "घाल. घरी जाऊ."

"अगं, तुझे मोजे मळतील."

"मळू देत," भिंगरी म्हणाली.

ती मोज्यांवरच घरापर्यंत चालत आली. रस्त्यावर सांडलेले टाचेचे तुकडे तिनं गोळा करून खिशात टाकले होते, ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कचराकुंडीत टाकले. बूटही तिथेच टाकले. ताईंचा हात पुढे झाला होता, मी पाहिलं. पण मागे घेतला त्यांनी.

उरलेले दिवस भिंगरी चांगली वागली. आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं, पंख्याचं बटण बदललं, माझ्याशी पत्ते खेळली. स्टेशनवर आईला मिठी मारली. सगळं कसं रीतसर. आणि रविवारी फोन आला तो सकाळी नाही, संध्याकाळी. जेवलीस का, पाय कसे आहेत, लाँड्रीत नवा रोलर बसवला का. धावलीस का, ते विचारलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

पुढच्या पगाराला ताई वर आल्या. "चला हो माझ्याबरोबर. बूट घ्यायचेत."

मागची गल्ली, तेच दुकान, तोच टकला माणूस, गळ्यात शिंगी. ताईंनी त्याला तो निळा जोड आठवतो का विचारलं. त्याला आठवला. काय झालं ते सांगितल्यावर तो म्हणाला, "पडून राहिले की असंच होतं, बाई. आत चिकटवायला सोल्युशन असतं, ते सुकतं, आणि तळ आपोआप भुसभुशीत होतो. त्यात आधीच माझ्याकडे पडून होते ते. पायात असते तर अजून चालले असते."

मी ताईंकडे बघायचं टाळलं. ज्या वस्तूला जिवापाड जपलं ती जपल्यानंच गेली, हे आता सगळ्या दुकानासमोर ऐकावं लागलं त्यांना.

"मग या वेळी कसे दाखवू? टिकाऊ?" त्यानं विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. "लवकर झिजतील असे द्या."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "बाई, इतकी वर्षं दुकानात बसतोय. असं कुणी मागितलं नाही अजून."

"मी मागतेय ना. खालून पातळ, मऊ रबराचे. घासले की लगेच दिसलं पाहिजे."

त्यानं कापडी बूट दिले, सगळ्यात स्वस्तातले. ताईंनी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा केला नाही, आणि मला बाई गल्लीत मधोमध उभं राहून रडू यायला लागलं.

त्या दिवसापासून ताई धावतात. आधी नुसत्या रविवारी, मग लाँड्रीत जायच्या आधी रोज. सुरुवातीला दोन खांब धावायच्या आणि तिसऱ्याला टेकायच्या. रविवारी उशिरा उठणारी मी आता खिडकीत उभी राहून त्यांना जाताना बघते. एक दिवस पाहिलं तर चांगला डांबरी रस्ता सोडून कडेच्या खडीवरून धावतायत. घरी आल्यावर मी खडसावलं, "पाय मुरगळून घ्यायचाय का?"

"डांबरावर फार हळू झिजतात हो," ताई म्हणाल्या.

पायरीवर बसून त्या रोज बूट उलटे करून बघतात. ज्या बाईनं उभ्या जन्मात एक वस्तू झिजू दिली नाही, ती तळावरून अंगठा फिरवून मला विचारते, "काल होती त्यापेक्षा नक्षी कमी वाटते ना?" मी हो म्हणते. कधीकधी खरंच कमी वाटते.

पहिल्यांदा टाकीपर्यंत जाऊन आल्या त्या संध्याकाळी फोनवर त्यांनी लेकीला सांगितलंच. "आज टाकीपर्यंत धावले गं."

"हो का? छान," भिंगरी म्हणाली. तापलेल्या मुलानं 'मी बरा आहे' म्हटल्यावर आपण म्हणतो ना, तसं.

ताईंनी फोन माझ्या हातात कोंबला. "तुम्ही सांगा. तुम्ही बघितलंय."

"अगं, खरंच धावते तुझी आई," मी म्हटलं. "मी रोज खिडकीतून बघते."

मग भिंगरी प्रेमानंच म्हणाली, "काकू, तुम्हालाही बोलायला लावलं का तिनं? असू दे हो. मी नाही रागावले. आईला सांगा, विसरून जा म्हणावं."

मी हे ताईंना सांगितलं नाही. पण फोनमधला आवाज बाहेर ऐकू येतो.

परवा मी साखर मागायला खाली गेले. ताईंनी चक्क काचेच्या कपातून चहा दिला. आता देतात. रिमोटवरची पिशवीही गेली, सोफ्याचा खरा रंग कळला. लग्नातल्या कपांतल्या एकाची कड उडालीय आणि त्याचं त्यांना काही नाही. मी गमतीनं म्हटलं, "आला वाटतं राजा!" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी इथे होती तेव्हा द्यायला हवा होता एखादा कप. कुणासाठी ठेवले होते कोण जाणे."

मग त्यांनी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. म्हटलं, परत आपलं जपणं सुरू झालं की काय! त्यांनी पिशवी काढली, पिशवीतून खोका काढला, पातळ कागद उलगडला. आत कापडी बूट होते. न धुतलेले, वाळल्या चिखलाचे, अंगठ्यापाशी फाटलेले. एका बुटाचा तळ पुढच्या बाजूला आरपार गेला होता. ताईंनी आतून बोट घातलं आणि भोकातून बाहेर काढून मला दाखवलं. "बघा," त्या म्हणाल्या. "पूर्ण गेला." शेजारी आणखी एक खोका होता. त्यातला दुसरा जोडही तसाच.

"आता तिसरा चालू आहे," ताई म्हणाल्या.

"अहो, मग फोटो काढून पाठवूया ना भिंगरीला! द्या इकडे, मी काढते."

"नको." त्यांनी बूट माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "फोटोत काय, कुणाचेही बूट असू शकतात. तिला वाटेल, कुठून तरी जुने आणून दाखवतेय. इथे येईल तेव्हा हातात देईन. तिचं-माझं माप एकच आहे. पायात घालून बघेल. आत माझ्या बोटांचे ठसे पडलेत, ते तिला कळतील."

"कधी येतेय ती?"

"या वर्षी जमणार नाही म्हणाली. पुढच्या वर्षी नक्की."

बोलता बोलता त्यांनी बूट कागदात गुंडाळले, खोक्यात ठेवले, खोका पिशवीत घातला आणि कपाट लावून घेतलं. मी साखर न घेताच वर आले.